कोकराचा खुराक कोणाच्या खात्यात?



आजचं टिपण थोडं लांब आहे, आणि काही जणांना झोंबणारं पण आहे. विषय दूध पिणाऱ्या कोकरांचा. आईच्या दुधाशिवाय त्यांना वेगळा खुराक द्यावा की नाही, यावर आपल्याकडे अजून वादच चालू आहे. माझं मत सरळ आहे. द्यावा. पण तो खर्च कोणी करायचा आणि कोणाच्या खात्यात धरायचा, हे ठरत नाही तोपर्यंत कितीही शिबिरं घ्या, मार्कंड्यापासून घोटपर्यंत एकही बटईवाला कोकरापुढे मूठभर भरडा ठेवणार नाही. आणि त्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही. काहून, ते खाली हिशोबात दाखवतो.

आधी रानाची गोष्ट. आपल्या भागात मेंढरं म्हटली की कुरमार भाऊ. त्यांचे कळप मोठे. उन्हाळ्यात ते आपल्या बांधीत मेंढरं बसवतात, आपल्याला लेंडीखत भेटते, त्यांना धान्य किंवा पैसा. त्यांच्याशिवाय आता बरेच धानवाले शेतकरी पण चार-सहा मेंढ्या घेऊन दुसऱ्याकडे बटईनं ठेवतात. मेंढी मालकाची, मेहनत राखणाऱ्याची, पिल्लं अर्धी-अर्धी. हा जुना व्यवहार. कागद नाही, सही नाही, जबानीवर चालते. तो बसला त्या काळात रान मोकळं होतं. सकाळी मेंढरं सुटली की दिवस बुडेपर्यंत चरत. मेंढीच्या पोटात चारा गेला की कासेत दूध आलं, कोकरू आपोआप वाढलं. खर्च काहीच नव्हता, म्हणून वाटणीत खर्चाचा रकानाच नव्हता.

आता रान तसं राहिलं नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत वाघाची दहशत काय आहे ते आपल्याला वेगळं सांगायला नको. गुराखी, मेंढपाळ गेले, शेळ्या-मेंढ्या गेल्या. आता राखणारा माणूस ऊन चांगलं वर आल्याशिवाय कळप जंगलाकडे नेत नाही आणि दिवस कलायच्या आत परत फिरतो. त्याला कोण नाव ठेवणार? जीव आहे तर मेंढरं आहेत. पण चरण्याचे तास कमी झाले की पहिला मार मेंढीच्या दुधावर बसते, आणि दूध कमी झालं की कोकरावर. पावसाळ्यात तर आणखी बिकट. सगळी बांधी रोवण्याखाली, धुऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही, जंगलाच्या कडेला चिखल. त्या दिवसांत जनलेली मेंढी स्वतःच अर्धपोटी असते. ती पिल्लाला काय पाजणार?

म्हणून खुराकाला मी चैन म्हणत नाही. रानानं जे द्यायचं थांबवलं, त्याची ती भरपाई आहे.

आता शरीरातलं काम समजून घेऊ. जनल्यावर पहिला चीक. तो पहिल्या तासा-दोन तासात पोटात गेलाच पाहिजे. रोगाशी लढायची ताकद कोकराला चिकातूनच भेटते, आणि ती शोषून घ्यायची आतड्याची क्षमता साधारण एका दिवसात संपते. दुसऱ्या दिवशी कितीही पाजा, ते फक्त अन्न होते, संरक्षण होत नाही. ज्या कोकराला चीक भेटला नाही, त्याच्यापुढे नंतर सोन्याचा खुराक ठेवला तरी उपयोग नाही.

मेंढीचं दूध जनल्यापासून दोन ते चार आठवड्यांत सगळ्यात जास्त असते. त्यानंतर ते उतरत जाते. कोकराची भूक मात्र त्याच वेळी चढत जाते. महिना झाला की दोन्ही रेषा एकमेकीला कापतात. तिथून पुढे जी खोट पडते, ती दुधानं भरत नाही.

दुसरी गोष्ट पोटाची. जन्मलेल्या कोकराचं मोठं पोट, म्हणजे जे रवंथ करते ते, कामाचं नसते. दूध त्याला वळसा घालून सरळ शेवटच्या कप्प्यात जाते. मोठं पोट जागं व्हायला घट्ट अन्न लागते. दाणा पोटात आंबतो, त्यातून जी आम्लं तयार होतात त्यानं पोटाच्या आतलं अस्तर वाढते. कुटार, पाला यानं पोटाचा आकार आणि ताकद वाढते. म्हणून दोन्ही पाहिजे. पंधराव्या दिवशी कोकरू दोन-चार दाणे चघळून टाकून देते, तेव्हा वाटते की वाया गेलं. ते वाया नाही गेलं. पोटाची शाळा सुरू झाली असं समजा. खरं खाणं तीन-चार आठवड्यांनी लागते.

काही जुने जाणते म्हणतात, "खुराक खाल्लेलं पिल्लू आळशी होते, रानात चालत नाही." यात थोडं खरं आहे. दिवसभर कोठ्यात डांबून नुसता भरडा खाऊ घातला तर होईलच तसं. पण आपण सांगतो तो खुराक मूठभर आहे, आणि तो आईचं दूध आणि चरणं यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही. तीन महिन्यांनी कोकरू तोडायचं, म्हणजे आईपासून वेगळं करायचं, तेव्हा ज्याचं पोट तयार आहे ते रानातल्या पाल्यावर तग धरते. ज्याचं नाही ते आठ-पंधरा दिवस नुसतं ओरडते आणि वाळते. उलट विचारायला पाहिजे, आळशी कोणतं?

काही डॉक्टर लोक दुसऱ्या बाजूनं बोलतात. कोकराला देण्यापेक्षा मेंढीलाच द्या, दूध वाढेल. हे पण अर्धं बरोबर आहे. माझं मत असं: गाभणपणाचा शेवटचा महिना-दीड महिना आणि जनल्यावरचा पहिला महिना, पैसा मेंढीवर लावा. रोज पाव किलोच्या आतबाहेर खुराक तिला भेटला तर कोकरू वजनदार जन्मते आणि दूध उतरते. पण महिन्यानंतर तोच पैसा कोकरावर लावा. मेंढीच्या पोटातून दूध करून कोकराला देण्यात मधे बरंच कटते. सरळ कोकराच्या तोंडात गेलेला दाणा जास्त कामी येते. आणि पैसा अगदीच थोडा असेल तर आधी जुळ्यांना आणि पहिलटकर मेंढीच्या पिल्लाला. सगळ्यांना चिमूट-चिमूट वाटण्यात अर्थ नाही.

जुळ्यांवरून एक गोष्ट सांगतो. सातारा जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, १९६८ साली बनबिहारी निंबकर यांनी काढलेली. बंगालच्या सुंदरबनातली गॅरोल मेंढी जुळी-तिळी देणारी म्हणून प्रसिद्ध. तिचा तो गुण तिथल्या लोकांनी आपल्या दख्खनी मेंढीत उतरवला आणि 'नारी सुवर्णा' नावाची जात तयार केली. हाच गुण दोनशे वर्षांपूर्वी बंगालातून ऑस्ट्रेलियाला गेलेल्या मेंढ्यांबरोबर तिकडच्या मेरिनोत पण पोचला, असं शास्त्रज्ञ सांगतात. आता विचार करा. एका मेंढीला दोन कोकरं झाली म्हणजे कासेतलं दूध दुप्पट होत नाही. थोडं वाढते, पण प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येते. जात सुधारून जुळी घेतली आणि खुराकाची सोय केली नाही, तर दुसरं कोकरू फक्त मोजायपुरतं जन्मलं. म्हणून जात आणि खुराक वेगळे विषय नाहीत, एकाच बंडीची दोन चाकं आहेत.

आता काय द्यायचं. आपल्याकडे ढेप म्हटली की सरकीची. गाय-बैलाला ती चालते. पण सरकीत गॉसिपॉल नावाचा विषारी घटक असते. मोठ्या जनावराचं रवंथाचं पोट ते बरंचसं निकामी करते, लहान कोकराचं पोट तयारच नसते. म्हणून तीन महिन्यांपर्यंत कोकराला सरकी ढेप देऊ नका. युरिया टाकलेलं तणस किंवा युरिया मिसळलेलं खाद्य तर अजिबात नाही.

कोंडा आपल्याकडे राईस मिलमुळे स्वस्त भेटते, म्हणून लोक नुसता कोंडाच घमेल्यात ओततात. कोंड्यात स्फुरद भरपूर, कॅल्शियम कमी. त्यानं नर कोकरांना, आणि खच्ची केलेल्यांना तर जास्तच, मूतखड्याचा त्रास होते. लघवी अडते, पोट फुगते, जनावर पाय ताणून उभं राहते आणि दोन-तीन दिवसांत जाते. शिवाय तेल न काढलेला कोंडा लवकर खवट होते. म्हणून कोंडा थोडा आणि ताजा. लाखोळीचं पण तसंच. माणसानं महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडतात हे आपल्या भागाला माहीत आहे. कोकराच्या खुराकाचा पाया तिच्यावर ठेवू नका. सुबाभळीचा पाला चांगला, पण दुसऱ्या पाल्यात मिसळून, थोडाच.

दहा किलोचं मिश्रण असं बसते:

मक्याचा भरडा – ५ किलो ६०० ग्रॅम
शेंगदाणा ढेप किंवा सोयाबीन ढेप – ३ किलो
धानाचा कोंडा – १ किलो
चुनखडीची पूड (पशुखाद्यात वापरतात ती, पानाचा चुना नाही) – २०० ग्रॅम
मीठ – १०० ग्रॅम
क्षार मिश्रण – १०० ग्रॅम

यात प्रथिनं साधारण १८ टक्क्यांच्या आसपास येतात, लहान कोकराला तेवढी पाहिजेत. मक्याच्या जागी थोडी तांदळाची कणी चालते, पण पूर्ण नाही. ढेपीला बुरशी असेल तर ती ढेप उकिरड्यावर. क्षार मिश्रण घेताना मेंढीसाठीचंच घ्या. गाईच्या मिश्रणात तांबं जास्त असते, मेंढीला ते झेपत नाही, यकृतात साठते आणि एक दिवस जनावर पिवळं पडून जाते. बोरीचा पाला किंवा तुरीचं-हरभऱ्याचं कुटार सोबत ठेवा. पाला पेंडी बांधून कोकराच्या तोंडाइतक्या उंचीवर टांगा, जमिनीवर टाकला की तुडवते.

कसं द्यायचं, ही खरी मेख. उघड्यावर ठेवलं तर मेंढ्याच खाऊन टाकतात, आणि मग लोक म्हणतात खुराकानं काही फरक पडला नाही. कोठ्याच्या एका कोपऱ्यात बांबूच्या ताट्या लावून कप्पा करा. त्याला एक वीतभर रुंदीची फट ठेवा. कोकरू आत जाईल, मेंढी जाणार नाही. तुमची जात बारीक असेल तर फट थोडी कमी करा. बांबूची आपल्याला कमी नाही. कप्पा कोरडा पाहिजे, ओलीत कोकरांना रक्ती हगवण लागते. आत पाणी पाहिजे. सकाळी उरलेला खुराक झाडून मेंढीला टाकायचा आणि नवीन ठेवायचा, शिळा कोकरू तोंडात घेत नाही.

मात्रा: पंधरा दिवसांनंतर महिना पुरा होईपर्यंत रोज ५० ग्रॅम. दुसऱ्या महिन्यात सरासरी १२० ग्रॅम. तिसऱ्या महिन्यात सरासरी २२० ग्रॅम. हळूहळू वाढवायचं, एकदम नाही. एकदम दाणा वाढवला की आंत्रविषाराचा धोका. हा रोग कळपातल्या सगळ्यात धष्टपुष्ट कोकराला गाठते, रात्री चांगलं होतं आणि सकाळी मेलेलं. त्याची लस आहे. गाभण मेंढीला शेवटच्या महिन्यात दिली तर चिकातून कोकराला संरक्षण जाते. कोकराला कधी द्यायची आणि दुसरा डोस कधी, ते आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. लस न देता खुराक वाढवू नका, एवढं लक्षात ठेवा.

आता मुख्य मुद्दा, खातं.

वरच्या मात्रेनं एका कोकराला ९० दिवसांपर्यंत ११ किलोच्या जवळ खुराक लागते. दहा कोकरं धरा, म्हणजे ११० किलो. किलोला ३५ रुपये धरले तर खर्च ३,८५० रुपये. त्यातून प्रत्येकी २ किलो जास्तीचं वजन आलं असं हात आखडून धरू, म्हणजे दहा कोकरांचं २० किलो. जिवंत वजनाला ३५० रुपये किलो धरले तर ७,००० रुपये. (भाव तुमच्या गावचे टाका, हिशोबाची रीत तीच राहील.) म्हणजे खर्च वजा जाता ३,१५० रुपये नफा. कागदावर सौदा चांगला आहे. शिबिरात हाच हिशोब फळ्यावर लिहून दाखवतात.

पण बटईत काय होते पहा. ७,००० रुपयांची वाढ अर्धी-अर्धी होते. राखणाऱ्याच्या वाट्याला ३,५०० आले. त्यानं खुराकावर घातले ३,८५०. म्हणजे तो ३५० रुपयांनी बुडाला. वरून ताट्या बांधल्या, तीन महिने रोज सकाळी कप्पा झाडला, ती मेहनत वेगळीच. आणि मालकाला घरी बसून ३,५०० रुपये फुकटात. आता सांगा, राखणारा खुराक काहून देईल? तो अडाणी नाही. त्याला आकडा बरोबर समजते. आपणच त्याला "अज्ञान आहे, जागृती पाहिजे" म्हणून राहिलो.

यावर माझं म्हणणं एवढंच: खुराकाचा खर्च आधी काढा, मग वाटणी करा. ७,००० मधून ३,८५० ज्यानं घातले त्याला परत, उरलेले ३,१५० अर्धे-अर्धे, म्हणजे १,५७५ दोघांना. मालकाचे ३,५०० वरून १,५७५ झाले असं त्याला वाटेल. पण ते ३,५०० त्याला कधी भेटणारच नव्हते, कारण त्या हिशोबात कोणी खुराक देतच नाही. तुलना शून्याशी करा. पिल्लंच वाटून घेणारे असतील तर सोपा मार्ग, खुराकाचं पोतं दोघांनी निम्मं-निम्मं आणायचं. लस आणि जंताचं औषध पण त्याच खात्यात. कोकरू मेलं तर तोपर्यंत झालेला खर्च दोघांवर अर्धा-अर्धा, हे पण आधीच बोलून घ्या, मग तोंड फिरवायला नको.

मालक लोक म्हणतील, राखणारा खोटा खर्च सांगेल. त्यावर उपाय काटा. धान मोजायचा लटकता काटा बहुतेकांच्या घरी आहे. कोकराला पोत्याच्या झोळीत टाकून जन्माचं, ३० दिवसांचं, ६० दिवसांचं आणि ९० दिवसांचं वजन घ्या. पोराच्या जुन्या वहीत लिहा. खुराक खरंच पोटात गेला की नाही ते वजन सांगते, भांडायचं काम नाही. आणि व्यापारी दारात आला की हीच वही कामी येते. तो नजरेनं भाव करतो, पाठीवर हात फिरवून "आठ किलोचा आहे" म्हणतो. तुमच्याकडे अकरा किलो लिहिलेलं असेल तर बोलायला जागा राहते. नजरेच्या सौद्यात जास्तीचे दोन किलो व्यापाऱ्याच्या खिशात जातात, मग मालक आणि राखणारा दोघंही म्हणतात खुराक परवडत नाही. खुराक परवडते. न मोजणं परवडत नाही.

आणखी एक. कोकराचं हे काम बहुतेक घरात बायाच करतात. चीक पाजणं, सांदवाडीतून पाला आणणं, कप्पा झाडणं. पैसा मात्र बाजाराच्या दिवशी माणसाच्या हातात पडते. वही घरच्या बाईच्या हातात द्या. जिनं खाऊ घातलं तिला कोणतं कोकरू किती खाते ते बरोबर माहीत असते.

सरकारकडे पण एक मागणं आहे. राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या आणि १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर भेटते. चांगली योजना आहे. पण नुसता गट मोजून योजनेचं यश ठरवू नका. तीन महिन्यांनी जिवंत कोकरं किती आणि त्यांचं वजन किती, हे मोजा. सोनापूर आणि सिंदेवाहीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या मंडळींना विनंती, खुराकाचं प्रात्यक्षिक घ्याल तेव्हा बटईवाल्या कळपात घ्या आणि मालक-राखणारा दोघांना समोर बसवा. फक्त स्वतःच्या मेंढ्या असलेल्या शेतकऱ्याकडे घेतलेलं प्रात्यक्षिक अर्ध्या गावाला लागूच होत नाही.

आपल्याकडे धानाच्या बटईत बी-खताचा खर्च कोणी किती घालायचा हे पेरणीच्या आधी ठरते. न ठरवता कोणी बांधीत उतरत नाही. कोकराच्या बटईत मात्र आपण अजून रान फुकट होतं त्या काळात बसलो आहोत. हिवाळ्यातली वीण तोंडावर आहे. मेंढ्या जनायच्या आधी दोघांनी बसून एवढं एक बोलणं करून घ्या.

कोणाकडे खर्च आधी काढून वाटणी करायची पद्धत चालू असेल तर कशी ठरवली ते खाली लिहा. आणि माझा हिशोब कुठे चुकत असेल तर तुमच्या गावचे भाव टाकून दाखवा, वाद घालायला मी तयार आहे.